अर्धा श्वास आधी

आमच्या वोलोनवाईर गावात गाणं सुरू करायला अक्कल लागते असं कुणी मानत नाही. फ्लोरेस बेटावर मूल रडतं तेसुद्धा शेजारच्या मुलाच्या सुराशी जुळवून. गाणं संपवायला मात्र अक्कल लागते आणि अधिकारही लागतो. ज्याने ओळ उचलली त्यानेच ती खाली ठेवायची, फार तर त्याच्या घरच्या माणसाने. तिसऱ्याने त्यात पडायचं नाही. एकदा बाप्तिस्म्याच्या जेवणात गाणं उचलणारे गृहस्थच मोके, म्हणजे आमची ताडाची दारू, पिऊन आडवे झाले, तर लोकांनी त्यांच्या सासूला झोपेतून उठवून आणलं. तिने डोळे चोळत शेवटचा शब्द म्हटला, मग पानं वाढली. तोवर रश्शावर साय धरली होती.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण ओपा हिरोनिमुस यांचं सगळं आयुष्य या नियमाशी येऊन अडलं होतं.

ओपा म्हणजे आजोबा. सगळं गाव त्यांना आजोबा म्हणतं आणि त्यांना नातवंड एकही नाही. तरुणपणी ते होड्या बांधायचे. त्यांची होडी पाण्यावर बसली की बगळा बसल्यासारखी दिसे, असं म्हातारे सांगतात. ब्याण्णव सालच्या डिसेंबरात समुद्र गावात येऊन गेला, त्यानंतर त्यांनी होडीला हात लावला नाही. दारं-खिडक्या करू लागले. गावातली अर्धी दारं त्यांच्या हातची आहेत आणि त्यातलं एकही धड बंद होत नाही. चार बोटांची फट राहतेच. माझ्या स्वयंपाकघरात त्या फटीत नाक खुपसून, दार ढकलत शेळी येते. मी तक्रार केली तर म्हणाले, "शेळी येते ती दिसते तुला. वारा येतो त्याचं काही नाही?" त्यांच्या स्वतःच्या घराला तर दारच नाही, पडदा आहे. ओमा पेट्रोनेला, म्हणजे त्यांची बायको, हसून म्हणायची, "सुताराची बायको असून तीस वर्षं चोरांची वाट पाहतेय. चोरही फिरकत नाहीत."

दर शुक्रवारी दिवस मावळताना टेकडीवरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना असते. तिला ना पुस्तक लागतं ना प्रवचन. वेदीवरचा क्रूस उतरवून दोन बुटक्या बाकड्यांवर आडवा ठेवतात, भोवती मेणबत्त्या. एकच ओळ. ती पुन्हा पुन्हा, हळू, म्हणत राहायची. म्हणता म्हणता एकेकाने गुडघ्यांवर जाऊन क्रुसाला कपाळ टेकायचं आणि जागेवर परतायचं. सगळ्यांचं झालं की ओळ खाली ठेवायची, थोडा वेळ गप्प बसायचं, घरी जायचं. मी गिटारवर तीन सूर धरतो. चौथा मला येत नाही आणि त्या ओळीला लागतही नाही.

ओळ अशी: दार उघडं आहे, ये.

एवढंच. देवाला म्हणायचं ते. निदान आम्ही तरी देवाला म्हणत असू.

ओळ उचलायचे ओपा. आवाज किंचित फाटलेला, पण सूर असा की त्यावर भिंत बांधावी. आणि ओळ खाली ठेवायची ओमा पेट्रोनेला. त्यांच्या मागच्या बाकावर बसून ती आपल्या जाड आवाजात शेवटचा 'ये' लांबवायची आणि विहिरीत घागर सोडावी तसा अलगद खाली नेऊन ठेवायची. तीस वर्षं असंच. उचलणारा नवरा, ठेवणारी बायको. नव्याने आलेल्या लोकांना वाटे, किती छान जोडी! जुन्यांना कारण ठाऊक होतं, म्हणून ते काही बोलत नसत.

कारण मार्सेलिना. त्यांची एकुलती मुलगी, अकरा वर्षांची. ओपा पोरांचा गायकवृंद चालवायचे, त्यात ती होती आणि तिला एक खोड होती. सगळे श्वास घेत असताना ही अर्धा श्वास आधीच सुरू व्हायची. ओपा ओरडायचे, "अगं, पुढे कुठे पळतेस? तिकडे काय मासे वाटताहेत?" ती जीभ चावायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा आधी.

समुद्र आला त्या शनिवारी दुपारी नाताळच्या गाण्यांचा सराव चालला होता. आम्ही अकरा पोरं होतो. दोनपर्यंत चालायचा होता. दीड वाजायच्या जरा आधीच ओपांनी हात खाली आणला. मार्सेलिना म्हणाली, "बापा, अजून एकदा घेऊ ना." ओपा म्हणाले, "पुरे. मला भूक लागलीय. पळा घरी." पोरं पायऱ्यांवरून धावत खाली गेली. मी सरावात चाळे केले होते म्हणून मला खिडक्या लावायला मागे ठेवलं होतं. तिसरी खिडकी लावताना जमीन हलली, चर्चची मागची भिंत बाहेर पडली, आणि त्या भगदाडातून मला समुद्र दिसला. त्यापुढचं गावात कुणी सांगत नाही, मीही सांगणार नाही. तिघं परत आली नाहीत. दोघं नंतर सापडली. मार्सेलिना सापडली नाही.

त्या दिवसापासून ओपांनी कुठलंच गाणं संपवलं नाही, आणि मला भूक लागलीय असंही कधी म्हटलं नाही. ओमा ताट पुढे ठेवायची आणि सांगायची, "निमुस, तुला भूक लागलीय. जेव." मग ते जेवायचे.

आता दुसरी गोष्ट. ती गावात बोलायची पद्धत नाही, पण इथे सांगायलाच हवी. शुक्रवारी ओळ म्हणताना, आम्ही सगळे श्वास घेत असताना, अर्धा श्वास आधी कुणीतरी सुरू होतं. बारीक आवाजात. पुढच्या डाव्या बाकाकडून, जिथे कुणी बसत नाही. मग आम्ही सगळे त्यात मिसळतो आणि तो वेगळा राहत नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, मागची भिंत पत्र्याची केलीय, पत्रा घुमतो. मग सिमेंटची भिंत बांधली. तेव्हा म्हणाले, वटवाघळं. वटवाघळं हाकलली. त्यानंतर लोकांनी कारणं शोधायचं सोडून दिलं. माझी बायको युस्तिना लग्न होऊन गावात आली तेव्हा पहिल्याच शुक्रवारी परतताना मला म्हणाली, "ती पुढच्या बाकावरची मुलगी फार घाई करते हं." मी म्हटलं, "कोणती मुलगी?" ती पाच-सहा पायऱ्या उतरली आणि मग म्हणाली, "रात्री भात करू की मका?" अशी ती या गावची झाली.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता ओमा पेट्रोनेला वारली. चार दिवसांचा ताप. ओपांनी शवपेटी स्वतः केली. तेवढं एकच झाकण त्यांच्या हातून बिनफटीचं बसलं. तिला घरासमोर पुरलं. आमच्याकडे माणसं अंगणातच असतात, गेल्यावरसुद्धा. वर पांढऱ्या फरशा बसवल्या. आठवड्याभरात शेजारणीने त्यावर मिरच्या वाळत घातल्या आणि ओपा ओमाच्या उशाशी बसून कोंबड्या हाकलू लागले.

तिच्या नवव्या दिवसानंतर पहिला शुक्रवार आला. ओपांनी ओळ उचलली. एकेकाने कपाळ टेकलं. सगळ्यांचं झालं. आम्ही वाट पाहिली. मागच्या बाकावर कुणी नव्हतं. ओपा म्हणतच राहिले.

आता करायचं काय? घरचं माणूस उरलेलं नाही आणि तिसऱ्याने पडायचं नाही. आम्ही म्हणत राहिलो. नुसतं बसून संकोच वाटायला लागला म्हणून काही जण दुसऱ्यांदा कपाळ टेकून आले. आमच्यातला कालिस्टुस तिसऱ्यांदा गेला, तेव्हा मागून कुणीतरी कुजबुजलं, "याचं बरंच साठलेलं दिसतंय." पोरं बाकांवर झोपली. माझी बोटं सोलवटली. खाली कुठेतरी चुलीवरची मक्याची लापशी करपल्याचा वास वर येऊ लागला आणि बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कुणाची म्हणून. शेवटी ओपांचा आवाजच बसला. ओठ हलत राहिले आणि ओळ खाली ठेवली न जाता नुसती विरली. आम्ही पायऱ्या उतरलो, पण प्रार्थना संपली असं कुणालाच वाटेना. घरी जेवताना युस्तिना दोनदा उठून फटीतून बाहेर बघून आली.

दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्याला आमचे धर्मगुरू रोमो विगबर्टुस मोटारसायकलवरून आले. सात गावं त्यांच्याकडे, मोटारसायकल एक आणि तिचा दिवा गेलेला, म्हणून काळोख दाटायच्या आत परतायची त्यांना घाई. बराच वेळ झाल्यावर त्यांनी वेदीवरची छोटी घंटा उचलून वाजवली. माणूस बाहेरगावचा, त्यांना काय कळणार. आम्ही सगळे दचकून थांबलो. ओपा थांबले नाहीत. आणि आम्ही सगळे गप्प असताना पुढची ओळ सुरू झाली, ती ओपांच्या अर्धा श्वास आधी. मिसळायला आम्ही नव्हतो. दोनच आवाज होते, एक फाटका आणि एक बारीक.

रोमोंच्या हातातली घंटा तशीच राहिली. आम्ही घाईघाईने ओळ उचलून धरली, कुणाचं उघडं पडलेलं अंग झाकावं तशी.

नंतर बाहेर रोमो मला म्हणाले, "सेर्वास, पुढच्या महिन्यापासून ओळ तू उचल."

"मी? रोमो, मला तीन सूर येतात."

"तीन पुरेत. उचललीस तर ठेवायचा हक्क तुझा. म्हाताऱ्याचे हाल होताहेत. गावाचेही." मग मोटारसायकलला किक मारता मारता त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ती पत्र्याची भिंत होती ना?"

"सिमेंटची केली, रोमो. सत्त्याण्णव साली."

"असं," म्हणाले आणि बिनदिव्याचे निघून गेले.

ओपांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ते ओमाच्या फरशीवर बसून सुपारी कातरत होते. मी मिरच्या जरा सरकवून शेजारी बसलो.

"त्या नीट ठेव," ओपा म्हणाले. "शेजारीण येऊन मला बोलते."

मी हवामानाबद्दल बोललो. खोबऱ्याच्या भावाबद्दल बोललो. ओपांनी मला पान दिलं आणि म्हणाले, "रोमोंनी तुला ओळ दिली ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"युस्तिनाने. तू सांगायला घाबरशील म्हणून आधीच येऊन गेली. मक्याच्या कण्याही ठेवून गेली."

"मग जेवलात का?"

"भूक लागल्याचं सांगणारं कोण आहे?"

मी पान चघळत राहिलो. मग म्हटलं, "ओपा, तुम्हीच एकदा खाली ठेवा ना ती ओळ. एकदाच. मग पुन्हा तुमची तुमच्याकडे."

"मी एकदाच ठेवली होती," ते म्हणाले. "तू खिडक्या लावत होतास."

समोरून एक कोंबडी मिरच्यांकडे आली. त्यांनी हातानेच तिला हाकललं.

"ती अर्धा श्वास आधी येते," ओपा म्हणाले.

तीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं. मी म्हटलं, "वटवाघूळ असेल, ओपा."

"वटवाघूळ सुरात येतं का रे? गाढवा, तू गिटार वाजवतोस की चूल फुंकतोस?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ओळ चालू असेपर्यंत ती असते. थांबली की जाते. कुठे जाते ते मला माहीत नाही. पेट्रोनेला म्हणायची, निमुस, तू बोलाव, मी घालवते. बापाने मुलीला दोनदा घालवू नये. दर शुक्रवारी तिने ते काम अंगावर घेतलं. घरी येऊन चुलीपुढे रडायची आणि मग मला सांगायची, तुला भूक लागलीय."

रोमोंना नकार कळवतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"नको," ओपा म्हणाले. "तू ठेवायची नाहीस. तुझा 'ये' फार तोकडा आहे, दार आपटल्यासारखा. लेकराला असं घालवतात का? मला एक शुक्रवार दे. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तू घे, आणि मी वर येणार नाही."

त्या शुक्रवारी कधी न येणारे लोकही आले. काही तर बुटांत आले. रोमो आले. पोरांना आयांनी मांडीवर घट्ट धरलं होतं. पुढचा डावा बाक नेहमीसारखा रिकामा.

ओपांनी ओळ उचलली. दार उघडं आहे, ये. आम्ही श्वास घेतला, आणि आमच्या आधी ती आली. रोमोंनी डोळे मिटून घेतले. एकेकाने कपाळ टेकलं. कालिस्टुसने एकदाच. शेवटचा माणूस परतला. मागचा बाक रिकामा आहे हे सगळ्यांनी एकदा वळून पाहून घेतलं, जणू ओमा उशिरा येणार होती.

मग ओपा उठले. तीस वर्षांत ते कधी क्रुसापाशी गेले नव्हते. त्यांना ओळ सांभाळायची असे. म्हणत म्हणतच ते गुडघ्यांवर बसले, गुडघे इतके वाजले की मला सूर चुकल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी कपाळ टेकलं. उठले ते आमच्याकडे नाही, डाव्या बाकाकडे वळून. दोन वेळा ओळ म्हटली. तिसऱ्यांदा त्यांनी उजवा हात वर उचलला, पंजा पसरलेला. पोरांना तयार करताना उचलायचे तसा. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"दार उघडं आहे…"

'ये' त्यांनी लांबवला. ओमाइतका जाड नाही, पण तितकाच सावकाश. हात खाली येऊ लागला. कमरेच्या जरा वर येऊन तो हवेतच थांबला, अकरा वर्षांच्या डोक्याची उंची असावी तिथे. तिथे काही वेळ राहिला. मग आणखी खाली आला आणि 'ये' संपला.

आम्ही थांबलो. मी तारांवर तळवा ठेवला.

एरवी इथे लोक खाकरतात, चपला शोधतात. त्या दिवशी कुणी हललं नाही. पुढचा श्वास कोण घेतं याकडे सगळ्यांचे कान लागले होते, आणि ओपांचं तर सगळं अंगच कान झालेलं. काही आलं नाही. खाली समुद्र दगडांवर येत-जात होता तेवढाच. इतकी ओस शांतता मी त्या चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. बाक होता तसाच, पण तो आता खरोखर रिकामा दिसत होता.

रोमो सवयीने आशीर्वाद द्यायला उठले आणि दाराजवळच्या दोन-चार जणांनी चपलांत पाय घातले.

"कुणी खाली जायचं नाही!"

तो ओपांचा आवाज होता, पण बेचाळीस वर्षांच्या ओपांचा. चपला जागच्या जागी राहिल्या.

"बसा. सगळे इथेच बसा. वर. अजून कुणी पायऱ्यांकडे जायचं नाही."

रोमो खाली बसले. आम्ही सगळे बसलो. युस्तिनाने माझं कोपर धरलं, ते तिच्या नखांच्या खुणांसह अजून माझ्याकडे आहे. ओपा दारात जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. माझा पाय बधिर झाला. मेणबत्त्या एकामागून एक गेल्या. एक पोर म्हणालं, "आई, आपण कशाची वाट बघतोय?" तर आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिला तरी कुठे सांगता आलं असतं? त्या शनिवारची, दीडच्या सुमारची ती काही मिनिटं आम्ही सगळे मिळून वर बसून काढत होतो, एवढं मला कळत होतं.

मग ओपा वळले. चेहरा दिसण्याइतका उजेड नव्हता.

"युस्तिना," ते म्हणाले, "तुमच्याकडे काही आहे का गं? मला भूक लागलीय."

युस्तिना इतकी जोरात उठली की बाक उलटा झाला. "आहे ना, ओपा! आंबट माशाचा रस्सा आहे, मक्याचा भात आहे. चला."

"मीठ बेताने घातलंयस ना? तू हात सैल सोडतेस."

"आधी खा, मग बोला."

पायऱ्यांवरून पहिले ओपा उतरले, एकेक पायरी पायाने चाचपत. तळाशी पोचल्यावर ते तिथल्या नारळाला हात लावून उभे राहिले आणि आमच्यातलं शेवटचं माणूस खाली येईपर्यंत तिथून हलले नाहीत. रोमो उशीर झाला म्हणून गावातच राहिले. आमच्या घरी ओपांनी तीन ताटं रस्सा खाल्ला आणि प्रत्येक ताटाला मिठाचं गाऱ्हाणं सांगितलं. युस्तिना पाठ फिरवून डोळे पुसत वाढत होती.

जाताना त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची ती चार बोटांची फट बोटाने चाचपून पाहिली. मला वाटलं, आता म्हणतील, उद्या रंधा घेऊन येतो. म्हणाले, "राहू दे."

पुढच्या शुक्रवारी ओपांनी ओळ उचलली. दार उघडं आहे, ये. आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला, आणि तो श्वास अख्ख्या गावाने जरा जास्तच वेळ धरून ठेवला. डाव्या बाकाकडे कुणी पाहत नव्हतं. सगळे ऐकत होते.

माझं मात्र धाडस झालं नाही. आलं तर, आणि नाही आलं तर, दोन्हींची मला सारखीच भीती वाटली. मी तार जोरात छेडली, अर्धा श्वास आधीच.

ओपांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चौदा वर्षांचा झालो.

"सेर्वास," सगळ्यांदेखत ते म्हणाले, "पुढे कुठे पळतोस? जरा थांब. इतरांनाही सुरू होऊ दे."

मी हात तारांवरून उचलला. ओपांनी पुन्हा श्वास घेतला, आणि आम्ही थांबलो.